सुरूच्या लाकडाची पाचर

वटारच्या मटिल्डाबद्दल लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं. वसईत चौकांना नावं कोणाची लागतात आणि ती लावायला कोण धावपळ करतं, हे मी चांगलं ओळखून आहे. त्या यादीत ही बाई कधी येणार नाही, आणि कोणी आणलीच तर ती स्वतः जाऊन नाव पुसून येईल. म्हणून मी लिहितो. माझी शाळा आठवीत सुटली. कॉम्प्युटरमधलं मला तिनं समजावलं तेवढंच समजतं. ज्यांना माझ्या चुका काढायच्या आहेत त्यांनी खुशाल काढाव्यात, फक्त आधी वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात प्रेसवर एक पाळी करून यावं.

प्रेस म्हणजे काय ते सांगतो. खाली लोखंडी साचा, त्याला डाय म्हणतात. त्यावर कामगारानं पत्रा ठेवायचा, वरून वजनदार ठोकळा आदळतो, पत्र्याचं झाकण नाही तर पट्टी तयार. ती काढायची, पुढचा पत्रा ठेवायचा. दिवसभर हेच. ठोकळ्याला पत्रा आणि बोट यातला फरक कळत नाही. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत वालीवमध्ये बहुतेक प्रेस पायाच्या पेडलवर चालायच्या. हात आत आणि पाय पेडलवर. माणूस दमतो, पाय आधी पडतो. मी चालवायचो त्या कामगार संघटनेच्या सभेत कोणाशी हात मिळवला की मला पंजा चाचपून बोटं मोजायची सवय लागली होती. शेठ लोक म्हणायचे, कामगाराचा निष्काळजीपणा. मी म्हणायचो, मग तुमचा पोरगा बसवा ना एक दिवस.

मटिल्डाचा भाऊ पॉल अशाच एका प्रेसवर लागला. शौक म्हणून नाही. वटारला त्यांची पानवेल होती, केळी होती. शहरांकडे इथल्या पाण्याचे टँकर धावायला लागले आणि गावच्या विहिरी खाऱ्या झाल्या. वेल सुकली तशी बापानं मांडव मोडून लाकडं चुलीत घातली, आणि पॉल सायकल काढून वालीवला गेला. तोवर त्याची ओळख एकच होती, गावच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. वटारमध्ये लग्न असो की चर्चचा सण, वरात पुढे सरकायची ती पॉलच्या फुंकीवर. बुटका, हसरा, दाढीला कायम आळस. मोठ्या बहिणीला तो बाय म्हणायचा, आणि बाय म्हणताना मान थोडी वाकवायचा, थट्टेत. मग आमचे सगळे कामगारही तिला बायच म्हणायला लागले.

बायनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि ती वालीवमध्येच सुधाकर काकांच्या गाळ्यात कामाला होती. हे काका मुंबईच्या नोकरीतून लवकर बाहेर पडलेले. मशीन चालू-बंद करणाऱ्या पेट्या बनवायचे. पेटीत एक चिप, चिपमध्ये प्रोग्रॅम. प्रोग्रॅम मटिल्डा लिहायची. पॉल प्रेसवर लागला त्या आठवड्यात तिनं काकांना सांगितलं, "प्रेसची पेटी करायची. पेडल काढून टाकायचं. दोन बटणं, दोन हातांना दूर दूर. दोन्ही दाबली तरच ठोकळा खाली येईल."

काका म्हणाले, "घेणार कोण?"

"ते नंतर. आधी करते."

तिला दुसऱ्या कोणाच्या बोटांची चिंता नव्हती असं मी म्हणत नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर एकच हात होता, क्लॅरिनेटच्या भोकांवर नाचणारा. हे तिनं कधी लपवलं नाही.

पहिला प्रोग्रॅम चार दिवसांत झाला. तो घेऊन ती इग्नेशियस सरांकडे गेली. हे सर गावचेच. मुंबईच्या कॉलेजात गणित आणि नंतर कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर ओट्यावर एकटे बसलेले असायचे. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "हे बरोबर आहे?"

"चालतं सर. कितीतरी वेळा करून बघितलं."

"मी ते विचारलं नाही. तू बघितलं नाहीस त्या वेळी काय होईल ते सांग."

ती कागद परत चाळायला लागली.

"अगं, करून बघू म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या बोटांवर करून बघत असतो. बस खाली. काय कधीच होता कामा नये ते आधी सांग. साध्या मराठीत."

तिनं सांगितलं. सरांनी लिहायला लावलं. 'हात आत असताना प्रेस खाली येणार नाही.' मग म्हणाले, "आता तुझ्या प्रोग्रॅमची एक एक ओळ ह्या वाक्यासमोर उभी कर. ओळीच्या आधी काय खरं होतं, ओळीनंतर काय खरं राहिलं. जी ओळ उत्तर देणार नाही ती खोडायची."

तिनं निम्मा प्रोग्रॅम खोडला. तो सगळा पावसाळा ती कामावरून सुटली की सरांच्या ओट्यावर असायची. कीबोर्डला हात लावायचा नाही, पेन्सिल आणि कागद. एक दिवस मी सभेचं निमंत्रण द्यायला सरांकडे गेलो तेव्हा दोघं भांडत होते. भांडण कशावरून, तर लाइट गेली आणि परत आली तेव्हा कोणाचा हात बटणावर राहिलेला असला तर काय. वालीवमध्ये लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. शेवटी तिनं अट घातली, की लाइट आल्यावर दोन्ही बटणं सुटलेली दिसत नाहीत तोवर प्रेस हलणार नाही. सरांना ती अट एवढी आवडली की त्यांनी तिला घरचा फणस दिला. मी म्हटलं, "मला पण द्या, मी पण अटी घालतो." सर म्हणाले, "तुमच्या अटी शेठ वाकवतो, साहेब. हिची अट वाकत नाही."

मला राग आला होता. पण फणस मिळाला.

सगळ्यात शेवटी सरांनी तिला आणखी एक गोष्ट लिहायला लावली. आपण जगाबद्दल काय धरून चाललोय. तिनं लिहिलं, 'दोन्ही बटणं दाबलेली आहेत म्हणजे दोन्ही हात बाहेर आहेत.' सरांनी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सर. पेटी लागली की स्वतः उभी राहून बघेन."

"बघ. हे कागदावर सिद्ध होत नाही."

पेटी लागायला वेळ गेला. पॉलच्या कारखान्यात एका माणसाचा अंगठा गेला, आम्ही गेट बंद केलं, घोषणा दिल्या, आणि शेठनं वाटाघाटीला आत बोलावलं तेव्हा सुधाकर काकांसोबत मटिल्डा पेटी दाखवायला बसलेली. साधा ड्रेस, मांडीवर कागदांची चळत. मी चिडलेलो होतो. म्हटलं, "बाई, कागदावर बोटं वाचत नाहीत."

"कागदावर वाचवल्याशिवाय मशीनवर वाचत नाहीत, भाऊ. मी तुमचंच काम करतेय. तुम्ही जे मागता तेच मी लिहिलंय, फक्त तुमच्यापेक्षा नीट."

माझ्यासोबत आलेली पोरं हसली. मीही. आमच्या मागणीत त्या दिवशी पेटीचं कलम चढलं आणि शेठला घ्यावी लागली.

पेट्या लागल्या. मटिल्डा ठरल्याप्रमाणे बघायला गेली. एकदा नाही, अनेकदा, कधी सकाळच्या पाळीला, कधी दुपारच्या. उभी राहून बघायची. सगळ्यांचे दोन्ही हात बटणांवर. तिनं सरांना येऊन सांगितलं, बघितलं सर, खरं आहे. सरांनी त्या वाक्यासमोर बरोबरची खूण केली. वर्षं गेली. त्या कारखान्यात एकही बोट गेलं नाही. दुसऱ्या शेठांनीही पेट्या मागवल्या. मी तर भाषणात सांगायचो, वटारच्या एका पोरीनं वालीवच्या बोटांना पहारा बसवला. टाळ्या पडायच्या. पॉल पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात वाजवायचा.

आता जे सांगतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर एकेकाच्या कानाखाली आवाज काढला असता, आणि म्हणूनच मला कोणी सांगितलं नाही.

पेटी लागल्यावर काम हळू झालं. पत्रा ठेवा, दोन्ही हात बाहेर काढा, दाबा, परत आत घाला. शेठनं पेटी घेतली पण रोजचा आकडा कमी केला नाही. आकडा पुरा होईपर्यंत घरी जायचं नाही. पॉलला संध्याकाळी गावात चॅपलमागे बँडच्या तालमीला पोचायचं असायचं. उशीर व्हायला लागला. दोनदा वरात त्याच्याशिवाय निघाली. मग त्यानं डोकं चालवलं. समुद्रावरच्या सुरूच्या वाळक्या फांदीची एक पाचर तासली आणि उजव्या बटणाच्या फटीत ठोकली. बटण दाबलेलंच राहिलं. आता डाव्या हातानं डावं बटण दाबायचं आणि उजवा हात मोकळा, पत्रा आत घालायला. लाइट जाऊन आली की पेटी दोन्ही बटणं सोडायला सांगायची. पाचर काढायची, परत ठोकायची. बायची अट पुरी.

बाकीच्यांनी बघितलं आणि मागितली. पॉल घरी ओट्यावर बसून पाचरी तासायला लागला. आईनं विचारलं, काय करतोस? म्हणाला, नाताळच्या गोठ्यासाठी मेंढरं करतोय. सुरूच्या ढलप्या ओटाभर व्हायच्या. त्या झाडून काढायची मटिल्डा. नाताळ आला, येशूजन्माचा गोठा मांडला, आई म्हणाली, "अरे, मेंढरं कुठेत तुझी?" पॉल म्हणाला, "कोल्ह्यानं नेली." सगळे हसले. हे सगळं मला नंतर त्या आईनंच सांगितलं. त्यांची घरची बोली मला जमत नाही, म्हणून माझ्या मराठीत लिहितोय.

आणि मटिल्डा कारखान्यात बघायला यायची तेव्हा? पॉल शीळ घालायचा. बँडमधल्या कुठल्याशा वरातीच्या गाण्याची सुरुवात. शीळ ऐकली की पाचरी खिशात. सगळ्यांचे दोन्ही हात बटणांवर. कारण बायला वाईट वाटू नये. तिनं एवढं केलं, तिच्या डोळ्यांसमोर तिची पेटी खोटी पाडायची नाही. पॉलनं सगळ्यांना तशी तंबीच दिलेली. बघा हं, मालक आला तर एक वेळ पाचर राहू द्या, पण बाय आली तर आधी काढायची.

मायेनं केलं त्यांनी. मला आजही त्या मायेचा संताप येतो.

दोन हजार एकच्या जानेवारीत गावचा सण जवळ आला होता. तालमी जोरात होत्या. दुपारी पॉलचा डावा हात बटणावर पोचला तेव्हा उजवा डायवरून निघाला नव्हता. एवढंच झालं. त्याच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं गेली.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तो शुद्धीत होता. हाताला बोचकं बांधलेलं. मला बघून म्हणाला, "भाऊ, बायला सांगू नका कसं झालं ते. सांगा की मशीन बिघडलं."

"मशीन बिघडलं सांगितलं तर ती काय करेल ठाऊक आहे तुला?"

"मग सांगा, मी दारू प्यायलेलो."

"तू पितोस?"

"नाही. पण सांगा ना."

तेवढ्यात ती आली. ती कारखान्यात जाऊन आली होती. तिला वाटलं, आपल्या प्रोग्रॅममधली कुठली तरी ओळ चुकली, ती आधी शोधायची. प्रेससमोर उभी राहिली आणि उजव्या बटणात तिला पाचर दिसली. त्या दिवशी शीळ घालायला कोणी नव्हतं. तिनं मूठ उघडून ती भावासमोर धरली.

"ही कोणाची?"

"माझी."

"दुसऱ्या मशीनांवर पण आहेत."

"त्या पण मीच केल्या, बाय."

ती पाचरीकडे बघत राहिली. बोटानं तासलेली बाजू चाचपली. मग हळू म्हणाली, "मेंढरं."

पॉलनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बाहेर आलो. मोर्चात लाठी खाऊन मी रडलो नाही, तिथे जिन्यात बसून रडलो.

त्यानंतर ती कागद घेऊन सरांकडे गेली. मला सोबत नेलं, कदाचित एकटीनं जायचं धाडस नव्हतं. सर तोवर फार थकले होते. दोघांनी प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचला. ती म्हणाली, "एकही ओळ चुकलेली नाही सर."

सरांनी चष्मा काढला. "ओळी बरोबर आहेत. आपण जे धरून चाललो ते खोटं होतं. आणि त्याच्यावर खूण माझी आहे."

"मी बघून आले होते."

"तू पाहुणी म्हणून बघितलंस. पाहुण्याला घर कसं दिसतं?"

ती पेन्सिल शोधायला लागली. उपाय सापडायला काही वेळ लागला नाही, तेच तर मनाला जास्त लागलं. लाइट आल्यावर पेटी जे विचारायची तेच तिनं प्रत्येक ठोक्याआधी विचारायला हवं होतं. आधी दोन्ही बटणं सुटलेली दिसू देत, मग दोन्ही बरोबरच दाबली जाऊ देत. पाचर मारलेलं बटण सुटत नाही, म्हणजे प्रेस हलत नाही. दोन-चार ओळींचं काम. सर म्हणाले, "हे आपल्याला फणस खाल्ला त्या दिवशीच सुचायला हवं होतं." पुढच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, सर वारले.

सुधाकर काकांनी विकलेल्या प्रत्येक पेटीतली चिप स्वतः जाऊन बदलली. माणूस सरळ होता. आणि आमच्या कामगारांनी काय केलं? मटिल्डाला शिव्या घातल्या. काम परत हळू झालं, आकडा तोच राहिला. कालपर्यंत जी बाय होती ती आता 'ती कटकट' झाली. माझ्याकडे शिष्टमंडळ आलं, भाऊ, ती नवी चिप काढायला लावा. मी ज्या भाषेत उत्तर दिलं ते इथे छापणार नाहीत. मग आकडा कमी करण्यासाठी आम्ही परत गेट बंद केलं, आणि थोडा कमी करून घेतला. त्या लढ्यात ती रोज गेटवर यायची. तिच्याशी कोणी बोलायचं नाही. ती यायची.

घरात पॉल तिच्याशी पहिल्यासारखाच वागायचा. तेच तिला सोसवत नव्हतं. एकदा तरी ओरड माझ्यावर, म्हणायची ती त्याला, मी ऐकलंय. तो म्हणायचा, "पाचर माझी, बोटं माझी, तू कशाला मध्ये येतेस?" बँडवाल्यांनी त्याला मोठा ढोल देऊ केला. एका सणाला त्यानं वाजवलाही, काठी मनगटाला बांधून. परत आला आणि म्हणाला, ढोल कोणीही वाजवतो. क्लॅरिनेट कपाटावर गेलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो ते खाली काढायचा, पुसायचा, परत वर ठेवायचा.

तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. नवी पेटी त्यानं फसवून दाखवावी. तिच्या मते वालीवमध्ये मशीन फसवणारं त्याच्याइतकं डोकं दुसरं नव्हतं, आणि आता पाहुणी म्हणून बघणं तिला करायचं नव्हतं. तो दोन वर्षं नाही म्हणाला. मग एका सकाळी आपणच कपडे करून तिच्याआधी बस स्टॉपवर जाऊन उभा राहिला.

सुधाकर काकांच्या गाळ्यात लहानशी प्रेस होती. काका, मी, ती दोघं. पॉलनं खिशातून पाचर काढली, नवी, ताजी तासलेली. उजव्या बटणात ठोकली, डावं दाबलं. प्रेस हलली नाही. त्यानं पाचर काढून खिशात टाकली, दोरा बांधला. नाही. एक बटण कोपरानं, एक गुडघ्यानं. एक क्षण मागेपुढे झालं, प्रेस हलली नाही. दोन्ही बटणांवर आडवी फळी टाकून बघितली. ती पुरेशी लांब नव्हती, बटणं तिनं आणखी दूर नेली होती. घामाघूम झाला. मध्येच हसायला लागला, कधीकाळी तालमीत चुकल्यावर हसायचा तसा. "काय चिवट केलंयस गं बाय." ती प्रत्येक युक्ती मान न वर करता लिहून घेत होती.

शेवटी त्यानं डावा पंजा एका बटणावर ठेवला आणि उजव्याचं जे उरलं होतं ते दुसऱ्यावर. दोन्ही बरोबर दाबली. ठोकळा खाली आला. रिकाम्या डायवर आदळला.

त्यानं दोन्ही हात बटणांवरून काढले. मग वळला.

"बाय, आता कोणाचं बोट नाही ना जाणार?"

मी तिच्याकडे बघितलं. एक शब्द हवा होता. त्याला वाटत होतं आपली बोटं कशाच्या तरी कामी आली, तेवढं त्याला बहिणीच्या तोंडून ऐकायचं होतं. आई तिथे असती तर म्हणाली असती. मी तर शपथेवर म्हणालो असतो.

ती म्हणाली, "आपल्याला माहीत असलेल्या युक्तीनं नाही जाणार."

"ते नाही. कधीच नाही, असं म्हण."

"पॉल..."

"एकदा म्हण. खोटं खोटं म्हण."

तोंड उघडलं तिनं. मला वाटलं, म्हणते. पण सरांच्या ओट्यावर जे तिच्या हाडात उतरलं होतं ते तिला ते वाक्य म्हणू देईना. जे सिद्ध करता येत नाही ते, समोर भाऊ उभा असला तरी, खरं म्हणून सांगायचं नाही. तिनं मान हलवली. नाही.

पॉलनं खिशातली पाचर काढली, टेबलावर ठेवली आणि तो बसकडे गेला. तिनं प्रेसचा स्विच बंद केला, परत चालू केला, लाइट आल्यावर पेटी दोन्ही बटणं सुटायची वाट बघते का ते बघितलं, आणि मग तिथेच स्टुलावर बसून ती ओक्साबोक्शी रडली. काका बाहेर निघून गेले. मी उभा राहिलो.

ती अजून वालीवला कामाला जाते. पॉल त्यानंतर परत प्रेसजवळ आला नाही आणि त्यानं तो प्रश्नही परत विचारला नाही.